दादाच्या हातातली तार

माझा मोठा भाऊ डहाणूत पंपाच्या मोटरी दुरुस्त करायचा. जळालेली मोटर उघडायची, आतली काळी पडलेली तार ओढून काढायची आणि नवी तांब्याची तार एकेक वेढा मोजत भरायची, हे त्याचं पस्तीस वर्षांचं काम. किनाऱ्यावरच्या चिकूच्या वाड्यांपासून पूर्वेकडच्या टेकड्यांतल्या पाड्यांपर्यंत लोक त्याला ‘मोटरवाले भाऊ’ म्हणत. विहिरीपर्यंत गाडी जात नसे तिथे तो हत्यारांची पिशवी खांद्याला लावून चालत जाई. त्या चालण्यातूनच त्याला रानात भटकायचा नाद लागला आणि दुकान बंद असेल त्या दिवशी कामाशिवायही तो तिकडे जायला लागला.

वहिनीचे गुडघे तिला चढ चढू देत नसत. मी जवळच वेगळी राहणारी, शाळेच्या ऑफिसात नोकरीला, लग्न केलेलं नाही, रविवार रिकामा. त्यामुळे सोबत माझी. वीसेक वर्षं आम्ही दोघं असे भटकलो.

आमच्याकडे विकत घेतलेलं सामान जवळजवळ नव्हतंच. तंबू होता तो कुणाच्या तरी लग्नाच्या फ्लेक्सचा. आत आडवं झालं की छतावर नवरा-नवरी उलटे दिसायचे. सॅकचा पट्टा तुटला तेव्हा दादाने गॅरेजमधून मोटारीच्या सीटबेल्टचा तुकडा आणून शिवला. स्टोव्हचा वायसर फाटला, तर धरणाच्या काठावर बसून त्याने स्वतःच्या स्लीपरच्या टाचेतून नवा कापून काढला आणि त्यावर भात शिजवला. एकदा ओढ्यात माझी एक चप्पल वाहून गेली. त्याने पाण्याची बाटली उभी चिरली, तिच्यात वाळकं गवत भरलं, माझं पाऊल त्यावर ठेवलं आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधून टाकलं. त्यावर मी चार तास चालले. घरी आल्यावर वहिनी म्हणाली, “हे काय ध्यान!” आणि दादा तो बूट उलटासुलटा करून बघत म्हणाला, “टाचेला अजून थोडं गवत हवं होतं.”

असा माणूस. काही मोडलं की त्याचा चेहरा खुलायचा. एका जुन्या कंपासपेटीत तो तांब्याची तार, काळी टेप, ट्यूबच्या पट्ट्या, जाड सुई आणि दोरा ठेवायचा. पक्कड वेगळी, खिशात.

ज्या दिवसाबद्दल सांगते आहे तो दिवाळीनंतरच्या एका रविवारचा. ठरलं होतं ते असं, की सकाळी टेम्पोने रानशेतला उतरायचं, तिथून टेकड्यांमधून उत्तरेकडे चालत राहायचं आणि दिवस मावळायच्या सुमाराला तलासरीला हायवेवर बस पकडायची. पल्ला लांबचा होता, पण दादाने तो पूर्वी तीन-चार वेळा केलेला होता. मी पहिल्यांदाच जात होते.

भात कापून झाला होता. खाचरांत नुसते खुंट उभे होते, आणि वर टेकड्यांवर गवत कंबरेएवढं वाढून पिवळं पडलेलं. ऊन चांगलंच लागत होतं. दादा नेहमीसारखा पुढे चालत होता, पण बोलत नव्हता. एरवी तो प्रत्येक विहिरीची हकीकत सांगायचा. पहिल्या थांब्यावर मी भाकऱ्या मागितल्या तर त्याने सॅकमधून मिठाचे दोन डबे काढले. भाकऱ्या घरीच राहिल्या होत्या.

“अरे, दोन-दोन डबे मीठ कशाला?” मी विचारलं.

“असू दे. लागतं,” तो म्हणाला.

मी हसले. माझ्याकडे चिवडा होता, तो आम्ही खाल्ला.

साडेदहा-अकराच्या सुमाराला माझ्या बुटाचा तळवा सुटला. पावसाळाभर माळ्यावर पडून राहिले की बुटांचा गोंद मरतो, हे मला माहीत होतं, तरी मी तेच घालून आले होते. आधी टाचेकडून फटफट आवाज यायला लागला, आणि एका चढावर सगळा तळवा जिभेसारखा लोंबायला लागला. मी एका दगडावर बसले, बूट काढला आणि दादाच्या हातात दिला. खरं सांगायचं तर मला जराही काळजी वाटली नाही. उलट वाटलं, आता याचा मूड येईल.

त्याने कंपासपेटी उघडली. तार काढली, लांबलचक तोडली. मग बूट मांडीवर घेऊन तो बसून राहिला. तारेचं एक टोक एका हातात, दुसरं दुसऱ्या हातात. तो बुटाकडे बघत होता, आणि मग तारेकडे, आणि परत बुटाकडे.

“कुठून सुरू करू?” त्याने विचारलं.

मला तो प्रश्न गमतीचा वाटला. “तूच सांग, मेस्त्री तू,” मी म्हणाले आणि दुसरीकडे बघत पाणी प्यायले.

परत वळून पाहिलं तेव्हा तो तार गुंडाळत होता. भराभर, अगदी सफाईने, एकाला एक लागून वेढे. त्याचे ओठ हलत होते, तो मोजत होता. तळव्याखालून तार घेत होता आणि वरून, बुटाच्या तोंडावरून फिरवत होता. पंजापासून घोट्यापर्यंत त्याने सगळा बूट असा बांधला आणि पकडीने टोकं पिळून मला दिला. तळवा पक्का बसला होता. पण बुटाचं तोंड तारेने बंद झालं होतं. पाय घालायला जागाच नव्हती.

मी मोठ्याने हसले. “दादा, अरे पाय कुठून घालू मी?”

तो हसला नाही. त्याने बूट परत घेतला, तोंडाशी बोट लावून पाहिलं. वेढ्यांच्या फटीतून बोट आत जात नव्हतं. त्याचा चेहरा मी आयुष्यात तसा पाहिला नव्हता. शाळेच्या ऑफिसात कधीकधी एखादा म्हातारा येतो, फॉर्म हातात घेतो, आणि कुठे सही करायची ते विचारायची त्याला लाज वाटते. तसा तो दिसत होता. मग एकदम तो उठला आणि हातातली पक्कड त्याने खालच्या ओढ्यात भिरकावली.

“भिकार तार आणलीय,” तो म्हणाला. “हल्ली तारच चांगली मिळत नाही.”

तार त्याच्याच दुकानातली होती. ओढ्यात उतरून पक्कड शोधायची हिंमत मला झाली नाही, कारण तो ओढ्याकडे बघत तसाच उभा होता. मी नखांनी आणि दातांनी ती तार सोडवली, त्यात अर्धा तास गेला. मग ट्यूबच्या दोन पट्ट्या घेऊन मला जमेल तशी मी पायावरूनच बुटाला बांधल्या. शंभर पावलं गेलं की पट्टी घसरायची, मी वाकायचे आणि पुन्हा बांधायचे. दादा पुढे उभा राहून वाट बघायचा. एकदाही तो मागे आला नाही.

मी मनाला सांगत होते की ऊन लागलंय, वय झालंय, रात्री नीट झोपला नसेल. आता मागे वळावं असंही मनात आलं. पण वळायचं म्हटलं असतं तर कारण द्यावं लागलं असतं, आणि ते कारण तोंडातून काढायला मी तयार नव्हते.

पुढे वाट फुटत होती. एक वाट टेकडीच्या कडेने सरळ जात होती, दुसरी डावीकडे खाली. दादाने डावी घेतली. “नक्की ना?” मी विचारलं. “मला विचारतेस?” तो म्हणाला. ती वाट गवत कापणाऱ्यांची होती आणि घळीच्या तोंडाशी संपली. तरी तो उतरत राहिला. मोठमोठे दगड, मध्ये काटेरी बांबूची बेटं, आणि खाली कोरडा पडत चाललेला ओढा. एका गुळगुळीत दगडावर माझी पट्टी परत सुटली, तळवा पायाखालून निघून गेला आणि मी घसरत चार-पाच हात खाली गेले. उजवा घोटा दोन दगडांमध्ये मुरगळला. पाण्याची बाटली माझ्याआधी खाली पोहोचली आणि फुटली.

दुखणं पहिल्या क्षणी कळलं नाही. मी वर पाहिलं आणि हाक मारली. दादा दगडाच्या वरच्या कडेला उभा होता.

“दादा, मला उठता येत नाही. खाली ये.”

तो सावकाश, नीट, दगडाला धरून उतरला. माझ्याशेजारी बसला. माझ्या पायाकडे त्याने पाहिलंच नाही. हत्यारांची पिशवी शोधावी तसा त्याने खांद्याला हात लावला आणि मला विचारलं, “आपण कोणाच्या मोटरला आलोय?”

“कोणाच्याच नाही, दादा. आपण फिरायला आलोय.”

“हां,” तो म्हणाला. “फिरायला.” आणि थोड्या वेळाने पुन्हा, “पण पाण्याला किती खोल आहे म्हणाला तो?”

मोबाईलला रेंज नव्हती. घळीतून वरचा आकाशाचा तुकडा दिसत होता, बाकी काही नाही. मला रडू आलं नाही, भीती वाटली. आधी त्याचीच वाटली, म्हणजे आपल्याला सोडून तो उठून कुठेतरी चालू लागेल याची. म्हणून मी त्याच्या सॅकचा पट्टा मनगटाभोवती गुंडाळून घेतला आणि ओरडायला लागले. कोणी आहे का, कोणी आहे का. दादाला वाटलं मी खेळते आहे. तोही एकदा ओरडला.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. वरून एका बाईचा आवाज आला आणि मग ती स्वतः, हातात विळा, डोक्याला गवताची चुंबळ, उघड्या पायांनी त्या दगडांवरून जिना उतरावा तशी उतरली. पलीकडच्या उतारावर ती आणि तिचा नवरा गवत कापत होते. ती आपल्या बोलीत बोलत होती, माझ्यासाठी मध्ये मध्ये मराठी घालत होती.

“हालू नको, बाय,” म्हणत तिने माझा घोटा दाबून पाहिला. “मोडला नाही. सुजेल.” मग बूट उचलून तळवा बघितला. “हा मेला.”

कमरेला तिने खताच्या गोणीच्या प्लास्टिकच्या पट्ट्या खोचल्या होत्या, गवताच्या पेंढ्या बांधायच्या. त्यातल्या चार तिने पीळ देऊन दोरीसारख्या केल्या, बुटाला विळ्याच्या टोकाने दोन्ही बाजूंनी भोकं पाडली आणि तळव्यासकट सगळं असं आवळलं की पायही आत गेला आणि घोट्यालाही आधार मिळाला. पाच मिनिटांचं काम. दादा शेजारी बसून ते बघत होता. एकाग्र होऊन, मान किंचित वाकडी करून, जसा तो नेहमी दुसऱ्याचं काम बघायचा.

काम झाल्यावर त्या बाईने त्याला नीट पाहिलं. “मोटरवाले भाऊ ना हे? आमच्या पाड्यावरची मोटर यांनीच भरलेली. तीन दिवस राहिले होते आमच्यात.”

दादाने नमस्कार केला. अनोळखी माणसाला करतात तसा.

ती माझ्याकडे वळली. “यांना बरं नाही का?”

“दमलेत,” मी म्हणाले.

“माझा सासरा असाच बघायचा,” ती म्हणाली. “शेवटी शेवटी स्वतःचं घर विचारत फिरायचा.”

मला तिचा राग आला. जिने मला उभं केलं, तिचाच. मी तुटकपणे म्हणाले की त्यांना काही झालेलं नाही, ऊन लागलंय. तिने नवऱ्याला हाक मारली, दोघांनी मिळून मला घळीतून वर काढलं, एक जाड काठी तोडून दिली आणि रस्त्यापर्यंत सोडलं. नवरा पुढे, मग दादा, मग काठी टेकत मी, आणि माझ्यामागे ती. दोन तास लागले. त्यांचं अर्ध्या दिवसाचं गवत तसंच पडून राहिलं असेल. मी त्यांचं नावही विचारलं नाही.

रस्त्यावर एक जीप मिळाली. तिने आम्हाला तलासरीला आणून सोडलं तेव्हा हायवेवरच्या गाड्यांचे दिवे नुकतेच लागत होते. बसमध्ये दादा खिडकीशी बसला. बस सुटून थोडा वेळ झाला असेल. माझ्याकडे न बघता, अगदी त्याच्या नेहमीच्या आवाजात तो म्हणाला, “हिला काही सांगू नकोस.”

“काय सांगू नको?”

“तू पाहिलंस ते. पावसाच्या आधीपासून चाललंय. वेढे मोजताना हरवतो मी. चाळीस झाले की साठ, कळत नाही. सगळं काढून पुन्हा भरतो. परवा एक मोटर तीनदा भरली. ती घाबरेल. दुकान बंद करायला लावील. मग मी काय करू दिवसभर?”

मी म्हटलं, “डॉक्टरला दाखवू.”

“दाखवू,” तो म्हणाला. “मी सांगतो तेव्हा. तोवर तुझ्या-माझ्यात.”

मी हो म्हणाले. यात माझा दोष किती, ते मी पुष्कळदा तपासून पाहिलं आहे. त्याची कीव आली हे खरं. पण त्याने वहिनीला न सांगता मला सांगितलं, याचं मला बरंही वाटलं होतं. इतक्या वर्षांनी काहीतरी फक्त माझ्या वाट्याला आलं होतं. घरी पोहोचल्यावर वहिनीने माझ्या घोट्याला हळद-तेल लावलं आणि विचारलं, कसं पडलीस? मी म्हणाले, बूट जुना होता.

त्यानंतर मी अधूनमधून दादाला विचारायचे, जाऊया का डॉक्टरकडे? तो म्हणायचा, पुढच्या आठवड्यात. दुकान तो उघडत होता. मी येता-जाता डोकावायचे, तो बाकावर बसलेला असायचा, समोर उघडी मोटर. मला वाटायचं, चाललंय की. रविवारी आम्ही जाणं बंद केलं, माझ्या पायाचं निमित्त होतंच.

एप्रिलमध्ये एका सकाळी तो हत्यारांची पिशवी घेऊन घराबाहेर पडला आणि आला नाही. दुकानाला कुलूप होतं. आम्ही स्टेशन पाहिलं, समुद्र पाहिला, दवाखाने पाहिले. पोलिसांनी विचारलं, यापूर्वी कधी असं झालं होतं का? वहिनी नाही म्हणाली. मी तिच्या शेजारीच उभी होते. मी गप्प राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी झरीहून एका शेतकऱ्याचा फोन आला. दादाने त्याची मोटर कधीतरी भरली होती, पावतीवर घरचाही नंबर होता. त्याच्या पडक्या विहिरीशेजारी, जिथे आता पंपच नव्हता, दादा बसलेला सापडला होता. पंपाच्या जुन्या सिमेंटच्या ओट्यातले गंजलेले नट तो नुसत्या बोटांनी फिरवत होता. दोन्ही हातांची नखं गेली होती, ओठ फुटले होते. तिथपर्यंत तो कसा पोहोचला, कुणाच्या गाडीतून की चालत, ते आजवर कळलेलं नाही.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, विसरायला कधीपासून लागले? वहिनी म्हणाली, “हल्लीच थोडंसं.” आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “दिवाळीच्याही आधीपासून. गेल्या पावसाच्या आधीपासून.”

डॉक्टर लिहून घेत राहिले. वहिनी माझ्याकडे बघत राहिली.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, “तुला माहीत होतं?”

“त्यानेच सांगू नको म्हणून—”

“मी त्याच्या शेजारी झोपते,” ती म्हणाली. “मला वाटायचं, माझ्यावर रागावलाय. बोलत नाही, नीट जेवत नाही, वस्तू लपवतो. मी सहा महिने त्याच्याशी भांडत होते. तुला माहीत होतं, आणि मी त्याच्याशी भांडत होते.”

आधी आणलं असतं तर फरक पडला असता का, हे मी नंतर डॉक्टरांना एकटी गाठून विचारलं. ते म्हणाले, थोडा वेग कमी झाला असता कदाचित, खात्रीने सांगता येत नाही. मला वाटतं, त्यांना माझा चेहरा बघून तसं म्हणावं लागलं.

दुकान त्या महिन्यातच बंद झालं. दादा आता घरातच असतो. त्या दिवसापासून वहिनी मला ‘तुम्ही’ म्हणते. तीस वर्षं ‘तू’ होतं. भांडली नाही, घरात येऊ नका असंही म्हणाली नाही. चहा करते, समोर ठेवते, “घ्या” म्हणते.

मागच्या महिन्यात तिला डोळे तपासायला जायचं होतं आणि दुसरं कोणी नव्हतं, म्हणून तिने मला तीन तास बसायला बोलावलं. पहिला तास बरा गेला. मग दादा दाराशी जाऊन ते ओढायला लागला. मी हात धरला तर त्याने माझ्या कानाखाली मारली, जोरात, आणि मग स्वतःच घाबरून कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. तिथेच त्याचा पायजमा ओला झाला. मी तो बदलू लागले तेव्हा तो डोळे मिटून घेत होता. नंतर त्याला भात भरवला, अर्धा त्याने थुंकला.

वहिनी आली. चप्पल काढता काढता तिने विचारलं, “त्रास दिला का तुम्हाला?”

नाही म्हणणं सोपं होतं. ते माझ्या जिभेवरही आलं होतं. मी तिला सगळं सांगितलं. मारलं ते, पायजम्याचं, भाताचं, तो डोळे मिटून घेत होता तेही. काही गाळलं नाही. ती भिंतीकडे बघत ऐकत होती.

“बरं,” ती म्हणाली. मग बादली घेऊन आली, पायजमा भिजत घातला, आणि माझ्या गालाकडे एकदा बघून म्हणाली, “बुधवारी परत बोलावलंय डोळ्यांच्या डॉक्टरांनी. याल?”

मी म्हटलं, “येईन.”